लाल पेन्सिलीची खूण

शिरपूरचा उन्हाळा रेकॉर्डना मानवत नाही. चैत्र सरत आला की सातपुड्याकडचा वारा तापतो, अरुणावतीच्या पात्रातले गोटे उघडे पडतात आणि भर दुपारी पत्र्याच्या खोलीत पाऊल टाकवत नाही. अशा उष्म्यात आडव्या रचलेल्या रेकॉर्ड हळूहळू वाकतात. मग पिन त्यांच्यावरून चढउतार करत चालते, सूर लांबतो, आखडतो, गाणाऱ्याला धाप लागली आहे असं वाटतं. माझ्या वडिलांना, नानांना, हे पक्कं ठाऊक होतं. आमच्या जुन्या धाब्याच्या घरातली सगळ्यात गार जागा त्यांनी धान्याला दिली नाही, देवालाही दिली नाही. माजघराच्या हातभर जाड मातीच्या भिंतीतलं फडताळ त्यांनी रेकॉर्डसाठी राखलं. तिथे त्या उभ्या असत, एकमेकींना टेकलेल्या, पण दाबलेल्या नाहीत. खालच्या खणात अठ्ठ्याहत्तरच्या, वरच्या खणात एलपी आणि मधल्या अरुंद फळीवर छोट्या ईपी.

नाना कापूस फेडरेशनमध्ये ग्रेडर होते. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि दिवाळीनंतर आमच्याकडच्या केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या, त्या काळातली त्यांची नोकरी. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, धाग्यांची चिमट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तुटलेले भाग पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे, आणि उजेडात धरून लांबी, मऊपणा, कवडी-कचरा सांगायचा. शेतकऱ्याचं वर्ष त्या चिमटीवर ठरे, म्हणून ते कधी घाई करत नसत. खिशाला लाल-निळी पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की तीच बोटं रेकॉर्ड कव्हरातून काढत. रेघांना बोट लागू द्यायचं नाही, कडा तळहातांत पेलायच्या, लेबल एकदा वाचायचं, मग फुंकर घालून ती तबकडीवर ठेवायची. आम्हा मुलांना हात लावायची मुभा नव्हती, पण पिन टेकताना होणारा तो पहिला खरखराट ऐकायला अगदी जवळ बसायची मुभा होती.

अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्ड त्यांनी नव्या घेतलेल्या नव्हत्या. लग्नकार्याला कर्णे भाड्याने देणारा एक जण कॅसेटकडे वळला तेव्हा त्याने सगळ्या जुन्या रेकॉर्ड वजनावर काढायला ठेवल्या, आणि नानांनी त्या पगारातून उचलल्या. कितीतरी कव्हरांवर हळदीच्या बोटांचे डाग अजून आहेत. म्हणजे आमच्या घरात येण्याआधी ही गाणी लिंबाच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यांतून अख्ख्या पंचक्रोशीच्या मांडवांत वाजून आली होती.

नाना गेल्यावर फडताळ बंद राहिलं. आई बाहेरून पुसायची, दार उघडायची नाही. मी नाशिकहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते; गेल्या आखाजीला खापरावरचे मांडे होऊन पानं उठली आणि आईच म्हणाली, “किती वर्षं कोंडून ठेवायचं त्यांना? काढ.”

प्लेअर एचएमव्हीचा, फिएस्टा. मुठीला धरून नेता येणारा, सेलवरही चालणारा. आतला रबराचा पट्टा वितळून चिकट झाला होता. धुळ्याला एका वयस्क रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी तो बदलून दिला, पिनही नवी बसवली आणि निघताना बजावलं, अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका. ती लाखेची असते, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि गाणं बोळ्यावर निघून येतं. गार पाणी, साबणाचा एखादा थेंब, जुनं मऊ सुती कापड, आणि हात फिरवायचा तो रेघांच्या दिशेनेच. एलपी विनाइलची, ती थोडी सोशीक.

ही लाखेची गोष्ट मला फार आवडली. किड्यांनी झाडाच्या फांदीवर केलेली लाख, तिच्यात दगडाची पूड, काजळी, आणि सगळं धरून राहावं म्हणून कापसाचे बारीक तंतू: एवढ्यातून ती काळी, जड, पडली की फुटणारी वस्तू तयार होई. कोलकात्यात १९०८ साली रेकॉर्डचा कारखाना निघाला, पुढे तो डमडमला मोठा झाला. नाना दिवसभर ज्या कापसाचा धागा ओढून पाहत, त्याचेच तंतू रात्री त्यांच्या हातातल्या रेकॉर्डमध्ये असत. त्यांना हे माहीत असणार. सांगितलं मात्र कधी नाही.

ओसरीवर चादर अंथरून मी एकेक रेकॉर्ड पुसायला घेतली, आणि खुणा दिसल्या. काही कव्हरांच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण. सगळ्यांवर नाही. आधी वाटलं, आवडत्या गाण्यांची खूण असेल. पण ‘गीतरामायणा’च्या संचावर ती नव्हती, आणि नानांचं सगळ्यात लाडकं काय, असं घरात कुणालाही विचारलं तर उत्तर ‘गीतरामायण’ हेच आलं असतं. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक या गतीने ५६ गीतं झाली, हे ते दर रामनवमीला नव्याने सांगत. गदिमांनी किती कमी वेळात शब्द दिले आणि बाबूजींनी ते शब्द कसे एक अक्षरही न चेपता गायले, यावर त्यांचं बोलणं संपत नसे. तरी त्या संचाच्या कोपऱ्यात खूण नाही. भीमसेनांच्या अभंगांवर नाही, वसंतरावांच्या नाट्यपदांवर नाही.

खुणा होत्या मंगेशकरांवर. लताबाई, आशाबाई, उषाबाई, हृदयनाथ, आणि सगळ्यात जुनी, मास्टर दीनानाथांची अठ्ठ्याहत्तरची एक रेकॉर्ड. म्हटलं, नाना मंगेशकरांचे भक्त, एवढंच आहे. मग ‘मानिनी’ची रेकॉर्ड निघाली, सुमनताईंच्या आवाजातली, तिच्यावरही खूण. आणि ‘मत्स्यगंधा’ची, आशालताबाईंची. तिच्यावरही.

‘मानिनी’ मी आधी लावली, कारण तिची तबियत बघून कळत होतं की तीच सगळ्यात जास्त वाजली आहे. लोखंडी पिन पुन्हा पुन्हा फिरली की लाखेच्या रेघा झिजतात आणि काळ्याची चमक जाऊन राखाडी पट्टा उमटतो. उन्हाकडे तिरपी धरली की रेकॉर्ड कुठे कुठे ऐकली गेली ते डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या कित्येक रेकॉर्डवर पहिला इंचभर राखाडी आणि पुढे चकाकी: लोकांनी ध्रुवपद ऐकलं आणि उठले. ही कडेपासून लेबलापर्यंत एकसारखी राखाडी. कुणीतरी हे गाणं एकदाही अर्धवट सोडलं नव्हतं.

‘मानिनी’ १९६१ ची, अनंत माने यांची. तिच्यातली बहिणाबाईंची गाणी वसंत पवारांनी बांधली. बहिणाबाई असोद्याच्या लेक, जळगावच्या सून. जन्म १८८०, मृत्यू १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांना सुचत गेलेलं मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, आचार्य अत्र्यांनी ते पाहिलं आणि १९५२ साली पुस्तक निघालं. त्या ते बघायला नव्हत्या. त्यानंतर दहा वर्षं व्हायच्या आत हे शब्द सिनेमात गेले, लाखेवर कोरले गेले आणि आमच्या मांडवांतल्या कर्ण्यांवर चढले.

खानदेशी माणसासाठी ते काय झालं असेल याचा विचार मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट केला. नाना शिकायला पुण्याला होते. आमच्या बोलीतला शब्द तोंडून गेला की वसतिगृहात मुलं हसत, म्हणून त्यांनी जीभ घासून पुसून घेतली. नोकरीत ते शुद्ध बोलत, आमच्याशी शुद्ध बोलत. फक्त कापूस केंद्रावर शेतकऱ्यांशी आणि रात्री आजीशी अहिराणी. बहिणाबाईंची बोली आमच्या अहिराणीहून वेगळी, ती जळगावकडची लेवा बोली. पण बहिणी बहिणीच. ज्या बोलीला पुण्यात हसू आलं, ती वाद्यमेळासकट, मुंबईच्या गायिकेच्या नितळ गळ्यातून, रेकॉर्डवर छापून विकत मिळू लागली होती. सुमनताई तिथे शब्दांना शहरी करत नाहीत, गावठीपणाचा आवही आणत नाहीत. त्या शब्द जपून, सरळ ठेवतात. वसंत पवारांची चालसुद्धा शब्दांच्या पुढे पळत नाही. बाईमाणूस काम करता करता गुणगुणेल एवढाच तिचा विस्तार. मला तरी मराठी सिनेसंगीतातली ही फार मोठी समज वाटते.

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, “तुझ्या आजीला वाटायचं हे रेडिओवाले कुणाच्या तरी घरात लपून ऐकून गेले.” आणि मग अहिराणीत, अगदी सहज: “हाई आपलं शे.”

मग ‘मत्स्यगंधा’चा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. नाटक वसंत कानेटकरांचं, १९६४ चं, दि गोवा हिंदू असोसिएशनचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. पण त्यात आशालताबाईंनी गायलेल्या एका पदाचे शब्द नाटककाराचे नाहीत, बालकवींचे आहेत. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म धरणगावचा, १८९० चा. वयाची तिशी न गाठता १९१८ साली भादली स्टेशनात रेल्वेखाली गेले. शाळेत आम्ही त्यांना निसर्गकवी म्हणून पाठ केलं आणि धरणगाव इथून किती जवळ आहे हे कुणी सांगितलं नाही. अभिषेकींनी त्या कवितेला दिलेली चाल अशी आहे की तिच्यात सावली पडते. मूळ कवितेतली भुरळ आणि भीती दोन्ही त्यांनी राखली. मी ती रेकॉर्ड दुसऱ्यांदा लावली तेव्हा वीज कमी दाबाची झाली, शेतातले पंप सुरू झाले असावेत. लहानपणीही असंच व्हायचं: गाण्याच्या मध्येच आवाज जड होत जायचा, नाना उठून प्लेअर सेलवर घ्यायचे आणि आवाज पुन्हा आपल्या जागी यायचा.

बहिणाबाई आणि बालकवी कळल्यावर मंगेशकरांच्या रेकॉर्डवरची खूण वेगळीच बोलू लागली. “थाळनेर,” आई म्हणाली. तिला हे सांगायची गरज वाटली याचंच मला नवल वाटलं.

थाळनेर आमच्या तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं. एके काळी फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी अजून तिथे उभ्या आहेत. १८१८ साली इंग्रज सेनापती हिस्लॉपने गढी घेतली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. पण मला सांगायचं आहे ते घर एका व्यापाऱ्याचं. हरिदास लाड हे थाळनेरचे सधन गुजराती गृहस्थ. त्यांच्या नर्मदा या मुलीशी दीनानाथांचं लग्न झालं. त्या लवकर गेल्या, आणि मग त्यांची धाकटी बहीण शेवंती दीनानाथांच्या घरी आली. त्याच पुढे माई मंगेशकर. लता, मीना, आशा, उषा, हृदयनाथ या पाचांचं आजोळ आमचं थाळनेर. लताबाईंचा जन्म १९२९ चा, इंदूरचा. पण आजीकडून त्या पावागढचे गरबे आणि गुजराती लोकगीतं शिकल्या. दीनानाथांची तालीम तानपुऱ्यावरची, शिस्तीची. आजीची तालीम टाळीवरची, अंगणातली. लताबाईंच्या गाण्यात शास्त्र कुठून आलं हे सगळे सांगतात. लय इतकी हलकी कशी पडते, शब्दाच्या टोकाला पाऊल उचलल्याचा भास कसा होतो, याचं थोडं उत्तर मला त्या अंगणात दिसतं. हे माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही.

दीनानाथांची रेकॉर्ड लावताना हात जपून चालत होता. त्यांनी बळवंत संगीत मंडळी १९१८ साली काढली, विशीही उलटली नव्हती तेव्हा. रंगभूमीवर त्यांचं एकेक पद वन्समोअर घेत कितीतरी वेळ चाले म्हणतात. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला मात्र तीन मिनिटांच्या आसपासच जागा. त्या तीन मिनिटांत ते जसे उडी घेतात तसं दुसरं कुणी घेत नाही. सूर लावून स्थिर करायला वेळच नाही, म्हणून पहिल्या श्वासातच तान, आणि तीही सरळ न येता वळसे घेत, चकवत, खाली पडेल असं वाटत असताना नेमकी समेवर. खरखराटाने अर्धा आवाज खाल्लेला आहे. तरी उरलेल्या अर्ध्यात तो माणूस पेटलेला कळतो. १९४२ साली पुण्यात ते गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. पाठोपाठ मी लताबाईंची एक एलपी लावली आणि आई म्हणाली, “बापाचा वळसा आहे बघ, पण राग नाही त्यात.” आईला संगीताचं शिक्षण नाही. कानाने पारखते ती.

‘जैत रे जैत’वरची खूण तर दुहेरी म्हणायला हवी. चित्रपट १९७७ चा, जब्बार पटेलांचा, कादंबरी गो. नी. दांडेकरांची, संगीत हृदयनाथांचं, म्हणजे थाळनेरच्या नातवाचं, आणि गाणी ना. धों. महानोरांची, ज्यांचं पळसखेडे जळगाव जिल्ह्याच्या शिवेला लागून. कथा कोकणातल्या ठाकरांची, पण शब्दांत नभ उतरण्याची वाट पाहणारी कोरडवाहू माणसं आमच्याकडची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले, तेव्हा नाना नव्हते. असते तर ही एलपी काढली असती.

हे सगळं कळल्यावर मी फडताळापुढे बसून राहिले ते कौतुकाने. कुठे व्याख्यान नाही, वहीत नोंद नाही. केंद्रावर कापसाच्या चिठ्ठीवर करत तशीच खूण, आणि तीही आपल्यापुरती. आमच्या प्रदेशाला गाणं नाही, आमच्याकडे फक्त कापूस, केळी आणि ऊन, असं पुण्यामुंबईचे लोक बोलत तेव्हा ते वाद घालत नसत. घरी येऊन शांतपणे पुरावा गोळा करत होते.

एक मात्र सलतं. या सगळ्या फडताळात अहिराणीचं एकही गाणं नाही. कानबाई बसते तेव्हाची रात्रभराची गाणी, गौराईची, आखाजीच्या झोक्यावर सासरच्या माणसांची नावं घेऊन म्हणायची, यातलं काही लाखेवर आलं असलं तरी आमच्यापर्यंत पोचलं नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोल्या कोलकात्यात नि मुंबईत, बाया इथे निंबाखाली. आता मोबाइलवर अहिराणी गाण्यांचा पूर आहे, लग्नात डीजे त्यांच्याशिवाय हलत नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण आजीच्या पिढीने जे म्हटलं ते म्हणता म्हणता गेलं. शेजारच्या गल्लीत झोक्यावर पोरी आजही गात होत्या. त्यांच्या गाण्यात मोटारसायकल आली आहे, चाल मात्र आजीची.

तळाशी एक रेकॉर्ड निघाली जिचं लेबल कसर लागून पार गेलं आहे. कव्हर साध्या खाकी कागदाचं, नानांनीच चिकटवून केलेलं, आणि त्यावर लाल खूण. बाईचा आवाज, पेटी, तबला, बाकी सगळा खरखराट. शब्द हाताला लागत नाहीत. लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला कारखान्याचा क्रमांक भिंगाखाली वाचता येतो. तो मी उतरवून घेतला आहे आणि जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या दोघातिघांना विचारलं आहे. दरम्यान आईने एक युक्ती काढली. वेगाचा खटका पंचेचाळीसवर ठेवायचा. आवाज पुरुषी होतो, पण शब्द एकमेकांपासून सुटतात. पहिल्या ओळीतले दोन शब्द तिने पकडले आहेत, तिसऱ्यावरून आमचं पटत नाही. ती म्हणते नदी, मला ऐकू येतं नणंद. उद्या सकाळी विजेचा दाब नीट असतो, तेव्हा पुन्हा लावायचं ठरलं आहे.